मदत हवी आहे : जंगलाचे फोटो म्हणजे नुसता हिरवा गुंता येतोय

रानवेडी : तीन शनिवार गेले, पाचेकशे फोटो काढले, एक धड नाही. तिथं उभं राहिलं की अंगावर काटा येतो आणि घरी येऊन बघावं तर फांद्यांत फांद्या. नजर कुठं ठरतच नाही. या शनिवारी परत जातेय, लवकर सांगा.

घाटमाथा : कुठलं जंगल? फोन का कॅमेरा? किती वाजता काढता?

रानवेडी : भीमाशंकर. कॅमेरा, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. पोचेपर्यंत अकरा होतात.

घाटमाथा : अकराला ढग फाटले की पानांवर पांढरे डाग आणि खाली काळी सावली, दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत. पहाटे धुक्यात जा. मागची झाडं फिकी पडतात, पुढचं खोड सुटं उठून दिसतं. आणि लेन्स १८ वर ठेवून सगळं रान कोंबू नका, झूम करून ५५ वर या.

सह्यभटक्या : धुकं काय हुकमी येतं? सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, लावा. ओल्या पानांवरची चमक जाते, खरा हिरवा रंग निघतो.

घाटमाथा : तो एक-दीड स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. ५५ ला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, आधीच ५.६, लहान. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, ट्रायपॉड लागणारच.

सह्यभटक्या : वारा सुटला की ट्रायपॉडवरही पानं हलतातच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवून १६०० करा, मी बारा वर्षं हातात धरूनच काढतोय.

पिक्सेलराव : नवीन कॅमेरा घेणार असाल तर मिररलेसच घ्या.

रानवेडी : नवीन घ्यायचा नाहीये हो!

काजवा : भीमाशंकरला पावसाळ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी असते, ती टिपा. रात्री जायला वनखात्याची परवानगी मात्र लागते.

अंजनी : ताई, मीही आंबोलीत असाच अडकलो होतो. शेवटी कॅमेरा पिशवीत टाकला आणि अर्धा तास नुसता बसलो. मग दिसलं, उतारावरची सगळी खोडं एकाच बाजूला कललीत आणि एकच वेल त्यांना आडवा छेदून गेलाय. तेवढंच घेतलं. रानात मेळ असतोच, आपण फार मोठा तुकडा उचलतो. वरचं आभाळाचं भोक चौकटीबाहेर ठेवा, नजर आधी तिकडेच पळते. बटण दाबण्याआधी चारही कडा बघा, अर्धवट फांदी घुसलेली असते.

सह्यभटक्या : हे पटलं. तरी सीपीएल न्याच.

रानवेडी (रविवार) : आदल्या रात्री मुक्कामालाच गेले. साडेसहाला दाट धुकं होतं. शेवाळलेलं एक खोड, त्याला बिलगलेलं नेचं आणि मागं तीन फिकी झाडं, एवढंच घेतलं. पहिल्यांदाच मला तिथं वाटलं होतं तसं आलंय! फक्त खोडसुद्धा हिरवट दिसतंय.

घाटमाथा : व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर होता का? आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काढलंत का जेपेग?