घरी बनवायचा प्रोजेक्टर: पॅनेल १६:९ घ्यावं की ४:३?
(बोलणाऱ्यांना इथं त्यांच्या ठिकाणांची नावं दिली आहेत.)

उद्यमबाग
खानापूरकडची कौलारू खोली, लांबी १२ फूट, पडद्याच्या भिंतीला तुळईखाली साडेसात फूट उंची. चित्र ८ फूट रुंद हवंय. पेटीत एलसीडी पॅनेल (मॉनिटरमधली चित्र दाखवणारी काच) बसवायचं, मागून एलईडीचा उजेड टाकायचा आणि पुढच्या भिंगानं चित्र पडद्यावर मोठं पाडायचं. हाताशी पॅनेल दोन: जुन्या चौकोनी मॉनिटरचं १५ इंची (४:३, १०२४×७६८) आणि लॅपटॉपचं १५.६ इंची (१६:९, १३६६×७६८). पुढचं भिंग ३२० मिमी फोकसचं. माझं मत सरळ १६:९.

४:३ ला ८ फूट रुंदी म्हणजे ६ फूट उंची. पडद्याची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर येते, सतरंजीवरच्या पुढच्या ओळीची डोकी थेट चित्रात. १६:९ ला उंची साडेचार फूट, कड ३ फुटांवर.

अंतराचंही बघा. लॅपटॉपचं पॅनेल ३४४ मिमी रुंद, म्हणून चित्र साधारण ७.१ पट, भिंगापासून पडदा २.५९ मीटर. चौकोनी पॅनेल ३०४ मिमी, ८ पट, २.८९ मीटर. मागे पॅनेल, फ्रेनेल (उजेड वळवणारं खाचांचं चपटं भिंग), एलईडी धरून पेटी ६०-६५ सेंमी होते. चौकोनीत एकूण साडेतीन मीटर, आणि खोली ३.६६. पेटीच्या पंख्याची गरम हवा मागच्या भिंतीवर आपटून परत आत येणार, पोलरायझर (पॅनेलवरची उजेड गाळणारी फिल्म) तापून पिवळा पडणार.

निपाणी
अण्णा, उंचीचं पटलं. पण दाखवायचं काय, ते आधी ठरवा की. कृष्णधवल जमान्यातले मराठी चित्रपट जवळपास चौकोनी, दूरदर्शनचं जुनं चित्रण ४:३.

शिवाय चौकोनी मॉनिटरला स्वतःचा बोर्ड (पॅनेलला चित्राचा सिग्नल देणारा) असतो, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावला की झालं. लॅपटॉप पॅनेलला बोर्ड वेगळा घ्यायचा, आणि लोक तिथंच फसतात: जुनी पॅनेलं बहुतेक ४० पिनांची एलव्हीडीएस, नंतरची बरीच ३० पिनांची ईडीपी (दोन्ही पॅनेलच्या जोडणीचे प्रकार). बोर्ड चुकला की पडद्यावर नुसता पांढरा उजेड. मागच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर उतरवून घेतल्याशिवाय बोर्ड मागवूच नये.

उद्यमबाग
स्टिकरचं शंभर टक्के खरं. जुन्या चित्रपटांचं मात्र उलट आहे. दोन्ही पॅनेलांना उभे पिक्सेल ७६८च. म्हणजे १३६६×७६८ च्या मधोमध तुमचं १०२४×७६८ अख्खं बसतं, एक पिक्सेलही जात नाही. फक्त चित्र ६ फूट रुंद होतं. उलट चौकोनीवर १६:९ लावलं की १०२४×५७६ उरतं, आणि पाव उजेड पट्ट्यांत जातो. त्या पट्ट्या काळ्या तरी कुठं असतात! एलसीडीचा काळा अंधारात राखाडी दिसतो, वर-खाली ९-९ इंच. काळं मखमल लावल्याशिवाय डोळ्याला खुपतं.

चिकोडी
मग २.३५:१ चाच पडदा का नको? सिनेमास्कोप, म्हणजे तितक्या रुंद चौकटीचे चित्रपट, भरून दिसेल.

उद्यमबाग
घरगुती पेटीला झूम नसतो, दादा. उंची साडेचार फूटच ठेवायची तर रुंदी साडेदहा फुटांवर जाते आणि नुसतं भिंगापासूनचं अंतर ३.३ मीटर. या खोलीत पेटी मावतच नाही. १६:९ वर स्कोप लावलं तर पट्ट्या साडेसहा इंचांच्या, तेवढं मखमल परवडतं.

निपाणी
फ्रेनेलचं कुणी बोललंच नाही. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमधली (पारदर्शक कागद भिंतीवर दाखवायचं यंत्र) फ्रेनेलची काच साधारण २८५ मिमी चौरस. ३४४ चं पॅनेल तिच्यावर ठेवलं तर दोन्ही बाजू अंधारात. त्या काचेवर १२.१ इंची चौकोनी (२४६×१८४) नाहीतर ११.६ इंची रुंद (२५६×१४४) बसतं. चौकोनात वापरायला जागा सव्वापट. माझं मत त्या काचेसाठी ४:३ च.

उद्यमबाग
त्या काचेवर मान्य. १२.१ वर १६:९ लावलं तरी १३८ मिमी उंची मिळते, ११.६ ची १४४, फरक किरकोळ. जुनं चित्रण जास्त असेल तर चौकोनीच घ्या. या खोलीसाठी मात्र मोठी फ्रेनेल जोडी (पॅनेलच्या मागं-पुढं एकेक) घेऊन १५.६. दोन्ही फ्रेनेलच्या खाचा पॅनेलकडे, भिंगाकडची पॅनेलपासून २० मिमी लांब. आणि फोकस जुळवायला भिंग पुढं-मागं करायची सरक प्लायवूडची नको, अ‍ॅल्युमिनियमची करा. खानापूरच्या पावसात प्लाय फुगतो आणि फोकस हलतो.

निपाणी
प्लाय कापायच्या आधी भिंतीवर खडूनं दोन्ही चौकटी काढा आणि माणसं सतरंजीवर बसवून बघा. ६ फूट रुंदीचं चौकोनी चित्र चालतंय म्हणाले, तर मीही १५.६ ला हो म्हणतो.