काळवेसचा कोतवाल नुसता पिक्चरमधला व्हिलन वाटायलाय, काय करू? (डार्क फँटसी, घरगुती कॅम्पेन)

फासेवाला_परभणीकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा परभणीचा, सध्या संभाजीनगरात नोकरीला, आणि दीड वर्ष झालं दर शनिवारी रात्री रूमवर डी अँड डी चालवतो (फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ, मी गोष्ट रचतो, बाकीचे पात्रं खेळतात), पाचवी आवृत्ती, २०१४ वाली. खेळायला पाच जण, त्यातले दोघं कधीच वेळेवर येत नाहीत ते जाऊ द्या. शहर माझं स्वतःचं आहे, नाव काळवेस. इथल्या बावन्न दरवाजांवरूनच सुचलं, रोज भडकल गेटजवळून गाडी घालतो ना. तर काळवेसला पण बावन्न वेशी, दिवेलागणीला सगळ्या बंद, आणि एकदा बंद झाल्या की बाहेर हाकामारी फिरते, तुमचं नाव घेऊन ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की संपलात. म्हणजे वेशीवरच्या शिपायाच्या हातात लोकांचा जीव. मला वाटलं आता काय, खेळणारे घाबरून राहतील, शिपायाच्या पाया पडतील.

कसलं काय. पहिल्यांदा उशिरा पोचले तर शिपायानं ५ सोन्याची नाणी मागितली, आमचा रोग (इंग्रजीतला rogue, भामट्याचं पात्र) म्हणला मी पटवतो, वीस बाजूंचा फासा टाकला, १७, झालं, आत. दुसऱ्यांदा बार्बेरियननं, म्हणजे रानटी लढवय्यानं, विचारायच्या आधीच कुऱ्हाड घातली, शिपायाला ११ हिट पॉइंट, म्हणजे जीव तेवढाच, एका घावात खल्लास, वरून हसायलेत. आणि कोतवाल तर मी असा काही रंगवला की काळा झगा, मिशीला पीळ, आल्या आल्या सगळे म्हणले हाच चोर. एक जण तर म्हणाला तुझं शहर म्हणजे जुन्या पिक्चरमधलं पोलीस ठाणं वाटायलंय. लई लागलं मनाला.

त्यात आमच्या क्लेरिककडं, म्हणजे मंत्रवाल्या पुजाऱ्याकडं, झोन ऑफ ट्रुथ आहे, खोटं बोलू न देणारा मंत्र. मी तीन आठवडे डोकं घालून भानगड रचायची आणि ती दहा मिनिटांत सगळ्यांकडून खरं वदवून घेणार. मला असा भ्रष्टाचार पायजे की ज्यात हे लोक अडकतील. नुसतं मारून किंवा फासा टाकून सुटणार नाही असा. कुणी चालवलंय का असं काही?

दौलताबादचा_चकवा
भाऊ एकच विचारतो, तुझ्या शिपायाला पगार किती?

नाही ठरवलास ना? तिथंच गाडी अडकली. नियमांच्या पुस्तकात कुशल माणसाची रोजी २ सोन्याची नाणी, अकुशलाची २ चांदीची. भाला चालवता येतो म्हणजे शिपाई कुशल. आता असं धर की काळवेसच्या दप्तरात त्याच्या नावावर रोज २ सोन्याची पडतात आणि हातात येतात २ चांदीची. १० चांदीचं एक सोनं, म्हणजे रोज माणसामागं १८ चांदी मधेच जिरली. त्याच पुस्तकात गरिबीत राहायचा एका माणसाचा खर्च दिवसाला २ चांदीच आहे, एकट्याचा, बायको पोरं धरलीच नाहीत. मग तो वेशीवर हात पसरणार नाही तर काय करील? आणि जिरलेले कुठं गेले, तर जमादाराकडं, जमादार वर देतो कोतवालाला, आणि कोतवाल कुणाला, कारण त्यानं कोतवाली फुकट थोडीच घेतलीय, बोली लावून घेतलीय, घातलेला पैसा काढायलाय बिचारा.

हे मी मनचं सांगत नाही. आपल्याकडंच बघ, निजामाच्या राज्यात पहिला सालारजंग दिवाण व्हायच्या आधी, म्हणजे १८५३ च्या आधी, वसुली ठेक्यानं द्यायचे, तालुकदार म्हणजे एक प्रकारचा ठेकेदारच. सरकारला ठरलेली रक्कम भरली की उरलेलं रयतेकडून कसं काढायचं ते त्याचं तो बघणार. तिकडं हैदराबादेत अरब जमादार, म्हणजे भाडोत्री अरब शिपायांचे म्होरके, सावकारी पण करायचे आणि कर्ज थकलं की माणसाला स्वतःच कोंडून ठेवायचे. सरकारी तुरुंग वेगळा, यांचा वेगळा. हे तर जसंच्या तसं उचल तू, काळवेसमध्ये चार तुरुंग असू दे आणि तुझ्या लोकांचा दोस्त कुठल्या तुरुंगात आहे हे शोधायलाच एक सेशन जाऊ दे.

पण खरी गंमत मला दुसऱ्याच गोष्टीत वाटते. अकबराच्या काळातल्या आइन-ए-अकबरीत, म्हणजे त्याच्या कारभाराच्या ग्रंथात, कोतवालाची कामं लिहून ठेवलीत. घरांची नोंद ठेवायची, मोहल्ल्यामोहल्ल्याला एक मीर महल्ला, म्हणजे मोहल्ल्याचा प्रमुख, नेमायचा, कोण आलं कोण गेलं याची खबर ठेवायची, कुणाची कमाई किती खर्च किती यावर नजर. आणि चोरी झाली तर चोर आणि माल शोधून काढायचा, नाही सापडला तर जबाबदार कोतवाल. ऐकायला किती चांगला नियम आहे. पण तू स्वतः कोतवाल हो घडीभर. चोरी झाली की चटका तुझ्या खिशाला. शहरात चोर शंभर, तुझी माणसं चाळीस. तू काय करशील? मी तर सगळ्यात मोठ्या चोराला बोलावून चहा पाजीन आणि म्हणीन बाबा माझ्या ठराविक पेठा सोड, बाकी तुझं तू बघ, आणि कधी गडबड झालीच तर माल परत आणून दे, तुझाच एखादा नकोसा झालेला माणूस चोर म्हणून दे. झालं. शहरात चोऱ्या कमी, माल परत मिळतो, व्यापारी खूश, आणि कोतवाली चोरांच्या खिशात.

लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाच्या माणसानं हाच धंदा केला, स्वतःच चोऱ्या करवायच्या, स्वतःच माल शोधून द्यायचा, वर इनाम घ्यायचं, ऐकेना झाला त्या चोराला फासावर पाठवायचं. लोक त्याला चोर पकडणारा म्हणून डोक्यावर घेऊन नाचायचे, १७२५ ला त्यालाच फाशी दिली तेव्हा कुठं मिटलं. तुझा कोतवाल असा कर. झगा पांढरा, मिशी नाही, बोलायला गोड, पहिल्याच भेटीत रोगची चोरीला गेलेली थैली शोधून परत देतो. पैसे पण घेत नाही.

आणि त्यांनी मारलाच तर मारू दे. पुण्यात १७९१ ला लोकांनी घाशीराम कोतवालाला दगडांनी ठेचून मारला, कारण त्यानं कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले होते. मेला तो. ज्यांनी त्याला नेमलं ते नाना फडणवीस कारभारात राहिलेच की नंतर.

फासेवाला_परभणीकर
चकवा दादा तुम्ही तर पीएचडीच करायला लावली. थैली परत देतो हे भारीच, आमचा रोग तर त्याचा भक्त होऊन जाईल. पण झोन ऑफ ट्रुथचं काय? तो पांढऱ्या झग्यातला कोतवाल पण दहा मिनिटांत ओकणारच ना सगळं?

लातूरची_चेटकीण
अरे मी पण क्लेरिकच खेळते, तू तो मंत्र नीट वाचलाच नाहीस. दुसऱ्या लेव्हलचा, चारी बाजूंनी १५ फुटांपर्यंत, दहा मिनिटं. आत असलेल्याचा बचावाचा फासा हुकला की त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, बरोबर. पण आपल्यावर मंत्र आहे हे त्याला कळतं, आणि गप्प बसायला किंवा गोल गोल बोलायला कुणी अडवलेलं नाही.

आता माझीच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी वडिलांच्या वारसाच्या नोंदीसाठी एका ऑफिसला सात चकरा मारल्या, कुठलं ते विचारू नका. सात चकरांत कुणी म्हणजे कुणी एक रुपया मागितला नाही. साहेब दौऱ्यावर आहेत. फाइल वर गेलीय. एक झेरॉक्स कमी आहे. सर्वर डाऊन आहे. मग तिथला शिपाई बाहेर टपरीवर भेटला आणि म्हणाला ताई तुमच्यासारखी लोकं उगंच हेलपाटे घालतात बघा, वाईट वाटतं. एवढंच. त्या माणसाला झोन ऑफ ट्रुथमध्ये उभं करा आणि विचारा तू लाच मागितलीस का, तो छातीवर हात ठेवून नाही म्हणेल आणि ते खरं असेल.

म्हणून पहिली गोष्ट ही की तुझ्या शिपायानं "५ सोन्याची दे" म्हणायचंच नाही. फासा तिथंच आला बघ, मागणी केलीस म्हणून पटवापटवी आली. त्यानं म्हणायचं की किल्ली जमादाराकडं गेलीय, थांबा जरा, येईलच. आणि मागं अंधारात कुणीतरी बार्बेरियनच्या आईच्या आवाजात हाक मारायलंय. आता टाक म्हणावं फासा, कशावर टाकतोस! किती द्यायचे, कुणाला द्यायचे, हातात द्यायचे का कंदिलाखाली ठेवायचे, हे गावात राहणाऱ्याला माहीत असतं आणि परक्याला नसतं. दर माहीत करून घेणं हाच एक अख्खा सेशन आहे.

दुसरं, त्यांच्याकडं स्पीक विथ डेड, म्हणजे प्रेताला बोलतं करायचा मंत्र, येईल पाचव्या लेव्हलला तेव्हा रडत येशील म्हणून आत्ताच सांगते. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात आणि एकदा विचारले की दहा दिवस त्याच प्रेतावर तो मंत्र चालत नाही. मग काळवेसमध्ये कायदाच कर की प्रत्येक बेवारस प्रेताचा जबाब आधी कोतवालीचा पुजारी घेणार. नाव काय, बापाचं नाव काय, राहणार कुठं, धंदा काय, पट्टी किती थकलीय. झाले पाच प्रश्न. सही शिक्का, फाइल बंद. कुणी मारलं हे विचारायला जागाच नाही फॉर्ममध्ये 😄 आणि यात कुणीच काही चुकीचं केलेलं नाही बरं का, नियमाप्रमाणं पंचनामा झालाय. दहा दिवसांनी विचारू म्हणलं तर उन्हाळ्याचे दिवस, प्रेत ठेवत नाहीत, आणि मंत्राला प्रेताचं तोंड शाबूत लागतं.

ठोक_आधी_विचार_नंतर
हे सगळं ठीक आहे पण शनिवारी रात्री लोकं पाव-भाजी खाऊन राक्षस मारायला येतात, तहसीलची लाइन लावायला नाही. आमच्या ग्रुपातल्या बार्बेरियनला मी हे सांगितलं तर तो झोपेल.

मी असतो तर मारू दिलं असतं. शिपायाचे ११ हिट पॉइंट आहेत तर आहेत. पण मेलेल्या शिपायाचा भाऊ पण शिपाईच असतो आणि मेहुणा जमादार. दुसऱ्या दिवसापासून बावन्नच्या बावन्न वेशींवर यांना किल्ली सापडेना. आणि रात्री हाकामारी त्याच शिपायाच्या आवाजात हाक मारील. एवढं बास झालं, लेक्चर नको.

लातूरची_चेटकीण
@ठोक तुमचं शेवटचं वाक्य चोरतेय मी.

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट
उशिरा येतोय, लायब्ररीत होतो. ठोक भाऊंचं पटतं की नुसती लाइन लावली तर बोर होईल, म्हणून एक सापळ्याचा सेशन ठेवा. आपल्याकडं लाचलुचपतवाले कसं करतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात, ती डोळ्याला दिसत नाही, घेणाऱ्यानं हातात धरल्या की पंचांसमोर त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, पाणी गुलाबी. काळवेसमध्ये एखादी म्हातारी किमयागार अशी पावडर बनवून देईल, नाण्यांना लावायची, आणि गुलाबीच्या ऐवजी हात काळे पडू द्या, तीन दिवस न निघणारे. दिसायला पण भारी. पंच म्हणून दोन असे लोक शोधायचे की जे कोतवालाला भीत नाहीत, तेच अवघड, तिथं राक्षसबिक्षस घाला पाहिजे तेवढे.

आता फास कुठं आवळायचा ते सांगतो. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणारा पण गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावी लागली आणि ७ दिवसांत कळवलं तर सुटका. हाच नियम शहराला लावा आणि तो खेळणाऱ्यांना सापळ्याच्या आदल्या दिवशी कळू द्या. तोवर सहा महिने हे लोक कंदिलाखाली नाणी ठेवून आत आलेले असतील ना? मग सगळ्यात आधी कुणाचे हात काळे?

आणि सापळ्यात कोतवाल कधीच सापडत नाही हे पण लक्षात ठेवा. सापडतो तो २ चांदीवाला. ज्यानं आधी एखाद्या सेशनला यांच्यासाठी वेस उघडी ठेवली असेल तोच. कोतवाल स्वतः येऊन यांचं अभिनंदन करतो, शिपायाला भर चौकात शिक्षा, आणि त्याची रिकामी जागा दुसऱ्या दिवशी लिलावाला. कौटिल्यानं अर्थशास्त्रात पैसा खायचे चाळीस प्रकार मोजलेत आणि म्हणलंय की पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही तसंच कामावरच्या माणसाचं. परीक्षेला चार वेळा पाठ केलंय, कुठं तरी कामाला येऊ दे.

दौलताबादचा_चकवा
चौथा अटेम्प्ट साहेब, तुम्ही निवडून या राव, पण आल्यावर हे विसरू नका.

एक भर घालतो. लिलावात तुझ्या रोगला बोली लावू दे. कमी पडलेला पैसा सगळे मिळून भरतील, आपला माणूस वेशीवर बसला तर बरंच आहे की. मग दुसऱ्या महिन्यात जमादार वरचा हप्ता मागायला येईल.

फासेवाला_परभणीकर
थांबा थांबा, लिहून घ्यायलोय. कोतवाल पांढरा झगा, थैली परत. शिपाई मागत नाही, किल्ली जमादाराकडं. पाच प्रश्नांचा फॉर्म. मग सापळा, मग लिलाव. या शनिवारी थैलीपासून सुरू करतो. फक्त मंडळी आमच्यातल्या कुणाला हे कळता कामा नये.

सतरा_पडले
दादा मी रोग.

फासेवाला_परभणीकर
अरे देवा. तू इथं काय करायलास??

सतरा_पडले
कालपासून वाचायलोय. थैली कोतवालच चोरवणार आहे ना माझी.

फासेवाला_परभणीकर
हे बघ, बाकी चौघांना बोलू नको. तू काही वाचलंच नाहीस असं धर. पुढच्या लेव्हलला तुला तो अदृश्य करणारा झगा पायजे म्हणत होतास ना, बघू आपण त्याचं.

सतरा_पडले
मी काही मागितलं नाही हं.