भजनाच्या व्हिडिओत आवाज मागे पडतो, अक्षरं तुटतात: नवीन सॉफ्टवेअर घ्यावं का?

टाळकरी_मिरज

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं ४२ मिनिटांचं रेकॉर्डिंग एडिट करायला घेतलंय. दोन मोबाइल होते, एक समोरून आणि एक पखवाजाच्या बाजूने. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. लॅपटॉप आय-५, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. टाइमलाइन (सॉफ्टवेअरमधली क्लिप मांडायची पट्टी) सेकंदाला ३० फ्रेमची, म्हणजे ३० चित्रांची आहे.

पहिली अडचण आवाजाची. सुरुवातीला टाळ आणि आवाज अचूक जुळवला, तरी समोरच्या मोबाइलचं चित्र हळूहळू पुढे जातं. १० मिनिटांनी अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, २० मिनिटांनी सव्वा सेकंद, शेवटी अडीच. बाजूच्या मोबाइलचं तर काहीच गणित लागत नाही. कधी जुळतं, कधी एकदम सुटतं.

दुसरी अडचण अक्षरांची. खाली अभंगाच्या ओळी टाकायच्या आहेत, पण ‘विठ्ठल’मधला ठ्ठ सुटा होतो, वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि ‘कीर्तन’चा रफार भलतीकडेच.

तिसरी पैशाची. चाचणी आवृत्तीत सगळं काम करू दिलं आणि एक्सपोर्ट करताना मधोमध कंपनीचा शिक्का आला. आता वर्षाची वर्गणी मागतायत. ती भरली तर पहिल्या दोन अडचणी सुटतील का?

फ्रेम_मोजणारा

आवाजाची अडचण वर्गणीने सुटणार नाही. ती फाइलमध्ये आणि टाइमलाइनच्या सेटिंगमध्ये आहे. एक रुपयाही भरण्याआधी मीडियाइन्फो हे फाइलची माहिती दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उतरवा, दोन्ही फाइल त्यात टाका आणि ‘टेक्स्ट’ व्ह्यूमध्ये व्हिडिओच्या भागातल्या फ्रेम रेट मोड, फ्रेम रेट, मिनिमम आणि मॅक्सिमम या ओळी इथे लिहा.

तोवर एक खूण सांगतो. आवाज आणि चित्र तीन तऱ्हांनी सुटतात, आणि कोणत्या तऱ्हेने सुटलंय यावरून कारण कळतं.

फरक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल, तर तो उशीर आहे. ब्लूटूथ माइक वापरला की हमखास होतो. आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की काम झालं.

फरक सारख्या चालीने वाढत असेल, तर गतीचा हिशेब चुकलाय. तुमच्या समोरच्या मोबाइलचं हेच दिसतंय. २९.९७ फ्रेमची फाइल ३० फ्रेमची धरून चालवली, तर चित्र हजारात एक भाग जलद पळतं. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, फरक ०.६. २० मिनिटांना १.२. ४२ मिनिटांना २.५. तुम्ही दिलेले आकडे नेमके हेच आहेत.

आणि फरक कुठेही, कसाही येत-जात असेल, तर फाइलचा फ्रेम रेटच बदलता आहे. मोबाइलचा कॅमेरा उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो, त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी २४ किंवा त्याहूनही कमी फ्रेम येतात. फोन तापला तरी फ्रेम गळतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, म्हणून मोबाइलवर पाहताना काहीच कळत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र एका ठराविक गतीने मोजायला बसतं आणि तिथे गडबड होते.

अक्षरजुळणी

अक्षरांचं उत्तर मी देते. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: फॉन्ट चुकीचा आहे की सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही?

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसतो. तो चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो. तुमचं तसं नाही, अक्षरं दिसतायत पण जागेवर बसत नाहीत. म्हणजे दोष सॉफ्टवेअरच्या जुळणीत आहे. ह्रस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर आणि दाखवायची असते अक्षराआधी. रफार साठवला जातो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही उलटापालट सॉफ्टवेअरने करायची असते. तिथे फॉन्ट कितीही बदला, उपयोग नाही.

कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी चाचणी आवृत्तीत ही ओळ टाइप करा:

विठ्ठल, ज्ञानेश्वर, दिंडी, कीर्तन, वाऱ्या, चिपळ्या

‘वाऱ्या’मधला र नीट बघा. हिंदीपुरती तपासणी केलेल्या फॉन्टमध्ये तो हटकून चुकतो, रफार होऊन य-च्या डोक्यावर चढतो. मराठीत तो पाय मोडलेला, आडवा हवा. ओळ एकदा एक्सपोर्ट करूनही पाहा, कारण काही ठिकाणी पडद्यावर बरोबर दिसतं आणि तयार फाइलमध्ये तुटतं.

शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळते. प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं आणि नवा टेक्स्ट लेयर घेऊन पाहावं.

काहीच जमलं नाही तर हमखास वाट आहे: इंकस्केप या चित्र काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १९२० बाय १०८० चं पान घ्या, ओळ लिहा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि वरच्या ट्रॅकवर ठेवा. अभंगाच्या चाळीस ओळी असतील तर चाळीस चित्रं होतील, कंटाळवाणं आहे, पण एकही जोडाक्षर तुटत नाही. फॉन्टसाठी मुक्ता किंवा यशोमुद्रा घ्या, दोन्ही मोफत आहेत. पांढऱ्या अक्षराला काळी बारीक कड द्या, नाहीतर पांढऱ्या सदऱ्यांवर ओळ वाचताच येणार नाही.

टाळकरी_मिरज

मीडियाइन्फोत बघितलं.
समोरचा: कॉन्स्टंट, २९.९७०.
बाजूचा: व्हेरिएबल, सरासरी २९.४, मिनिमम १४.९, मॅक्सिमम ३०.३.

आता दोन्ही फाइल ३० वर बदलून घेऊ का?

फ्रेम_मोजणारा

नको. समोरच्या फाइलला हातच लावू नका. ती स्थिर आहे, पुन्हा एन्कोड केली की दर्जा थोडा का होईना घसरणारच. टाइमलाइनच २९.९७ ची करा आणि फक्त बाजूची फाइल त्या मापावर आणा.

तुमच्या ८ जीबी रॅमवर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर ओढणार नाही. बनवणारेच १६ जीबी सांगतात. शॉटकट घ्या.

शॉटकटमध्ये नवा प्रोजेक्ट उघडतानाच व्हिडिओ मोड ‘एचडी १०८०पी २९.९७ एफपीएस’ निवडा. ‘ऑटोमॅटिक’वर सोडलंत तर पहिली जी क्लिप टाकाल तिचा रेट तो घेतो. अर्धं काम झाल्यावर मोड बदलू नका, कापलेले तुकडे जागचे हलतात. जुन्या प्रोजेक्टवर डागडुजी करण्यापेक्षा कोऱ्यावर सुरुवात केलेली बरी.

बाजूची फाइल उघडली की शॉटकट स्वतःच विचारेल, एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलू का? हो म्हणा. तीन पर्याय येतात. पहिला एच.२६४ चा, फाइल आटोपशीर राहते. पुढचे दोन दर्जाला चांगले, पण ४२ मिनिटांसाठी डिस्कवर भरपूर जागा मोकळी लागेल. बाजूचा कॅमेरा अधूनमधूनच दाखवणार असाल तर पहिला पुरे.

हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने करायचं असेल तर एक ठेच ठरलेली आहे. ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडून बहुतेक लोक थेट स्टार्ट दाबतात. त्यात ‘पीक फ्रेमरेट’वर टिंब असतं, म्हणजे ३० ही फक्त वरची मर्यादा. फाइल बदलती ती बदलतीच राहते, आणि मग ‘कन्व्हर्ट करूनही जुळत नाही’ म्हणून सॉफ्टवेअरला दोष जातो. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २९.९७ निवडा, खालचं ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्वालिटी आरएफ १८ ठेवा. झाल्यावर मीडियाइन्फोत पुन्हा बघा. कॉन्स्टंट दिसल्याशिवाय टाइमलाइनवर आणू नका.

चित्र अडखळलं तर सेटिंग्जमध्ये ‘यूज प्रॉक्सी’ चालू करा. हलक्या नकला बनतील, एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होईल.

पखवाज_पुडी

वरचं सगळं बरोबर, पण त्यानंतरही शेवटी दोन-चार फ्रेमचा फरक राहू शकतो, तेव्हा घाबरू नका. मोबाइलचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ ही दोन वेगळी यंत्रं. दोघांत दहा लाखांत ५० भाग इतका जरी फरक असला, तरी ४२ मिनिटांत ०.१२६ सेकंद होतात, म्हणजे जवळपास चार फ्रेम. बोलण्यात हे खपतं. पखवाजावर थाप दिसते एकदा आणि ऐकू येते नंतर, तिथे लगेच डोळ्याला टोचतं.

सोपा उपाय: दोन अभंगांच्या मधल्या शांत जागी चित्र कापा आणि प्रत्येक अभंग नव्याने जुळवा. जुळवताना टाळ धरा, पखवाज नको. टाळाचा ठोका आवाजाच्या लाटेच्या चित्रात सुईसारखा उभा दिसतो, पखवाजाचा घुमारा पसरट दिसतो आणि नेमकी सुरुवात सापडत नाही.

सलग एकच गजर असेल, कापायला जागाच नसेल, तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज किंचित ताणा. इथे ‘चेंज टेम्पो’ घेऊ नका. तो सुराची पट्टी तीच ठेवण्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे जोडतो आणि थापेची धार बोथट होते. ‘चेंज स्पीड अँड पिच’ घ्या (जुन्या आवृत्तीत नाव ‘चेंज स्पीड’). पट्टी बदलेल, पण हजारात एक भाग बदलला तरी फरक दोन सेंटहूनही कमी, आणि एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. तुम्हाला तर त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढंच ताणायचंय. कुणाच्याही कानाला कळणार नाही.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आणि थांबवण्याआधी, दोन्ही मोबाइलना दिसेल अशी एकेक टाळी वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर मोबाइलच्या आणि रेकॉर्डरच्या फाइलमध्ये मोजलं की किती ताणायचं ते थेट निघतं.

उजेडवाला

शूटिंगपुरतं थोडं. बाजूच्या मोबाइलचा मिनिमम १४.९ दिसतोय, म्हणजे त्या कोपऱ्यात उजेड कमी होता. तिथे एक दिवा वाढवला तरी निम्मा प्रश्न मिटतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रो मोड असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकत नाहीत. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘शो पॅल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय येतो, आणि एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर एडिटिंगमध्ये रंग फिके किंवा भडक दिसतात. दोन्ही मोबाइलवर रेट एकच हवा.

वर्गणी_तपासा

पैशाच्या प्रश्नावर. काम मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतंय तर भरू नका. तरीही घ्यायचंच झालं, तर आधी तीन गोष्टी वाचा. ‘आजीवन’ परवाना पुष्कळदा फक्त त्या आवृत्तीपुरता असतो, पुढची आली की वेगळे पैसे. तयार संगीत आणि एआयची अवजारं बहुधा त्यात धरलेली नसतात. आणि शिक्का जाण्यासाठी पैसे भरल्यावर आधीचा प्रोजेक्ट तसाच उघडतो का, हे त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या.

मोबाइलवर ‘सात दिवस मोफत’ घेतलं असेल तर ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करा, आणि यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. तो एसएमएस न वाचता पुसू नका. रद्द करूनही पैसे गेले आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पावती, रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि तारीख जवळ ठेवून फोन करा.

टाळकरी_मिरज

२९.९७ चा नवा प्रोजेक्ट केला, समोरचं चित्र शेवटपर्यंत आवाजाबरोबर आलं. शेवटी तीन फ्रेमचा फरक उरला होता, तो अभंगांच्या मधे कापून काढला. बाजूची फाइल शॉटकटनेच बदलून दिली, आता कॉन्स्टंट दाखवते. ‘वाऱ्या’ बरोबर उमटतंय. वर्गणी रद्द. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच राहिलं: पेन ड्राइव्हवर टाकून देवळातल्या टीव्हीवर लावायचंय. फाइल ४.८ जीबीची झाली आणि कॉपीच होत नाही. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह कोरा आहे.

फ्रेम_मोजणारा

पेन ड्राइव्ह फॅट३२ असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, मग जागा कितीही असो. एक्सफॅटने फॉरमॅट करता येईल, पण जुना टीव्ही ते वाचेलच असं नाही. त्यापेक्षा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) उतरवा. ४.८ जीबी म्हणजे तुम्ही साधारण १६ एमबीपीएसवर काढलंय. १०८०पी, ३० फ्रेमसाठी यूट्यूबसुद्धा ८ सांगतं. ८ वर अडीच जीबीच्या आसपास येईल. एमपी४, एच.२६४, आवाज एएसी. आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिथे २ जीबीची मर्यादा आहे, म्हणून त्यासाठी ५ एमबीपीएसची वेगळी प्रत काढा, ती दीड जीबीच्या थोडी वर बसेल.