मदत हवी आहे: मोरावळा पातळ झालाय आणि स्वेटरचा गळा अडलाय

नमस्कार मैत्रिणींनो. थंडी संपत आली. पुण्यात दुपारी पंखा लागतो आणि माझी दोन्ही कामं अर्धवट.

आधी मोरावळा. मंडईतून १ किलो डोंगरी आवळे आणले, टोचून, वाफवून सव्वा किलो साखरेच्या एकतारी पाकात सोडले. पहिले चार दिवस अगदी मधासारखा पाक होता. आता दहाव्या दिवशी पाण्यासारखा झालाय, वर बारीक फेसही दिसतोय. आवळ्याला पाणी सुटतं हे ठाऊक होतं, पण इतकं? सासूबाई म्हणतात, आवळे बाजूला काढून नुसता पाक परत आटव. पण फेस आला म्हणजे आंबला ना? वास अजून बरा आहे. (बरणी नीट वाळली नव्हती, असा माझा संशय आहे. घरात हे बोलले नाहीये.) आटवून वाचेल की सरळ फेकू? फेकायला जीव होत नाही.

दुसरं, भाचीच्या बाळासाठी १० नंबरच्या सुयांवर स्वेटर घातलाय. पाठ, बाह्या झाल्या. पुढच्या भागाचा गळा मात्र तीनदा उसवला. ७२ टाके आहेत. मधले किती बंद करू आणि दोन्ही बाजूंना किती ओळींनी एकेक कमी करू? बाळाचं डोकं मोठं असतं, गळा घट्ट नको.

लोकर तुळशीबागेतली, त्याच छटेची परत मिळाली नाही. त्यामुळे आता उसवाउसवी नको. आणि हो, उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर कशाला, हे कृपया विचारू नका. घरी रोज ऐकतेय.