दबावगट सरकारला वाकवतात की सरकारच त्यांना वापरून घेतं?

मुक्ता_के
पुस्तकात दबावगट म्हटलं की मोर्चा, निवेदन, उपोषण आणि मग सरकार झुकलं असंच चित्र असतं. मला ते अर्धवट वाटतं. शेतकरी आंदोलनाचंच बघा ना, जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये तीन कृषी कायदे, मग वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठिय्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे. हा दबाव सगळ्या देशाला दिसला. पण कायदे लिहिले जात होते तेव्हा कुणाला विचारलं, कुणाचं ऐकलं, हे सामान्य माणसाला कळायला काही मार्गच नाही. म्हणून विचारते, खरं धोरण ठरतं कुठे, रस्त्यावर की आत?

दिगंत
बहुतेक वेळा आत, आणि तेही कायद्यापेक्षा नियमांत. कायदा पास झाला की आपण बातमी वाचून सोडून देतो पण आकडा, तारीख, सूट हे सगळं नंतर अधिसूचनेत, म्हणजे राजपत्रात छापलेल्या सरकारी आदेशात येतं आणि खरी ओढाताण तिथे असते. तंबाखूच्या पाकिटावरचं धोक्याचा इशारा देणारं चित्र घ्या. आधी फक्त पुढच्या बाजूला ४०% जागा होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने अधिसूचना काढली की दोन्ही बाजूंना ८५%, १ एप्रिल २०१५ पासून. तारीख तोंडावर आली आणि संसदेच्या समितीने सांगितलं, विडी कामगार आणि तंबाखू शेतकऱ्यांवर काय परिणाम होईल ते आधी तपासा. झालं, निर्णय लांबणीवर. समितीतले एक खासदार स्वतः विडी उद्योगातले होते हे तेव्हा बरंच गाजलं होतं. मग डॉक्टर आणि आरोग्य संघटनांनी आवाज उठवला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि वर्षभर उशिराने १ एप्रिल २०१६ पासून ८५% लागू झालं. त्याच्या थोडं आधी समिती ५०% पुरे म्हणत होती!
यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की विडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे, पण तो बैठकीत मांडतो कारखानदार. कामगार स्वतः तिथे नसतोच.

अनुराधा पां.
दिगंतदादा, तंबाखूचं पटलं, पण आत जाणारे सगळे उद्योगवालेच असतात असं नाही. माहिती अधिकाराची गोष्ट उलटी आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन १९९० पासून काम करतंय. त्यांची सुरुवात फार साध्या गोष्टीपासून झाली, रोजगाराच्या कामाचे हजेरीपट आणि बिलं दाखवा. जनसुनवाईत गावासमोर हजेरीपट वाचायचे आणि ज्याचं नाव लागलंय त्यालाच विचारायचं, बाबा तू या कामावर होतास का. १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असताना कायद्याचा मसुदा तयार झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात याच हक्कासाठीचं अण्णा हजारेंचं २००३ चं उपोषण आठवत असेल. आणि २००४ मध्ये याच संघटनेच्या अरुणा रॉय राष्ट्रीय सल्लागार परिषदेत, म्हणजे केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळात गेल्या, म्हणजे कालपर्यंत धरणं धरणारी माणसं आता सरकारच्या टेबलावर. विधेयक आलं ते कमकुवत होतं, भांडून शंभराच्या वर दुरुस्त्या झाल्या, तेव्हा कुठे १२ ऑक्टोबर २००५ ला कायदा लागू झाला.
पण तिथेच थांबून चालत नाही. २००६ मध्ये फाइलवरचे अधिकाऱ्यांचे शेरे या कायद्यातून वगळायचा प्रयत्न झाला, लोक पुन्हा रस्त्यावर आले म्हणून तो टळला. २०१९ ला मात्र माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतलाच. तेव्हाही विरोध झाला, पण तेवढं बळ राहिलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मुक्ता_के
म्हणजे सरकारलाही हे गट लागतातच ना? खात्याकडे माहिती नसते, ती कारखानदाराकडे असते किंवा गावात काम करणाऱ्या संघटनेकडे. मग कोण कुणाला भेटलं याची नोंद ठेवायचा कायदा आहे का आपल्याकडे?

दिगंत
लागतातच, आणि त्यात गैर काही नाही, गैर आहे ते लपून होण्यात. असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी सरकारकडे बाजू मांडणाऱ्यांना, नोंदणी करून कुणासाठी काम करतो, किती पैसे मिळाले ते जाहीर करावं लागतं. तिथेही पैशाचा जोर कमी झालेला नाही, पण निदान कागद तरी सापडतो. आपल्याकडे २०१४ चा केंद्राच्या सचिवांच्या समितीचा एक निर्णय आहे, कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा खात्याच्या वेबसाइटवर टाकायचा. तो कायदा नसल्यामुळे पाळला नाही तरी कुणाला काही होत नाही. तरी ताई, एखाद्या मसुद्यावर हरकती मागवल्या असतील तर कुणाकुणाच्या आल्या आणि त्यातल्या कुठल्या मान्य केल्या, हे माहिती अधिकारात मागून बघा. मूळ मसुदा आणि अंतिम अधिसूचना शेजारी ठेवून वाचलं की कुणाचं चाललं ते बऱ्यापैकी कळतं.