मांटू टोचायला शिकवतात, मोजायला कोण शिकवतं?

परिचर्या_शिक्षिका
क्षयरोगाच्या मांटू चाचणीचं शिक्षण आपल्याकडे सुई बाहेर काढली की संपतं. 0.1 मिली ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून काढलेली प्रथिनं), हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्याच थरात, सुईचं तिरकं तोंड वर, 6 ते 10 मिमीचा फिकट फुगवटा उठला पाहिजे. एवढं विद्यार्थिनींना तोंडपाठ असतं. 48 ते 72 तासांनी काय बघायचं असं विचारलं की "लाल झालं तर पॉझिटिव्ह" असं उत्तर येतं. हे चूक आहे, आणि पुढे तेच पेशंटच्या फाइलीत उतरतं.

मोजायचा असतो टणकपणा. लाली मोजायचीच नाही. कोपर किंचित वाकवून घ्यायचं, बोटाने कडा चाचपायच्या आणि हाताच्या लांबीला आडवं माप घ्यायचं. बॉलपेन बाहेरून आत हळू सरकवत नेलं की टणक कडेशी अडतं, तिथे खूण. समोरच्या बाजूनेही तसंच. दोन खुणांमधलं अंतर मिमीत लिहायचं. टणकपणा नसेल तर "0 मिमी" लिहायचं. "निगेटिव्ह" लिहिलं की आकडा कायमचा हरवतो. 7 मिमीचा अर्थ एचआयव्ही असलेल्या माणसात वेगळा, कारण तिथे पॉझिटिव्ह म्हणायचा निकष 5 मिमीचा. इतरांना तो साधारण 10 चा.

माझी मागणी अशी: सिस्टर असो, लॅब टेक्निशियन असो की इंटर्न, आधी सलाइन एकमेकांना टोचून हात बसवावा. मग मांटू टोचलेल्या एकाच पेशंटचा हात शिकणाऱ्याने आणि अनुभवी माणसाने एकमेकांचा आकडा न बघता मोजावा. 2 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा सराव. हे प्रमाणपत्र नसेल त्याने मांटू करू नये.

छातीविकार_एमडी
मॅडम, तळमळ समजते, पण मी ठाम विरोधात आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. संसर्ग म्हणजे आजार नव्हे. त्यातल्या बहुतेकांना टीबी कधी होणारही नाही. अशा देशात मोठ्या माणसाचा मांटू कितीही अचूक मोजला तरी त्याचा खोकला टीबीचा आहे की नाही हे कळत नाही. नुसत्या मांटूवर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केलेले पेशंट माझ्याकडे सतत येतात. सहा महिने गोळ्या, कुणाला कावीळ, आणि मूळ आजार भलताच. शिकवायचंच असेल तर बेडका नीट कसा घ्यायचा ते शिकवा, सीबीनॅट आणि ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचण्यांना नमुना वेळेत कसा पोचवायचा ते शिकवा. मांटूची प्रशिक्षणं भरवलीत की मांटूच वाढणार.

परिचर्या_शिक्षिका
डॉक्टर, तुम्ही सांगता ती चूक मोजण्याची नाही, चाचणी कशासाठी मागवायची याची आहे. तेही शिक्षणातच येतं. मागवणाऱ्याला अर्थ कळत नाही आणि मोजणाऱ्याला माप कळत नाही, अशी दोन्हीकडून मार खाणारी चाचणी आहे ही. म्हणून ती शिकवायची नाही, हे मला पटत नाही.

बालरोग_सातारा
मोठ्यांबाबत डॉक्टरांशी सहमत. लहान मुलांत चित्र वेगळं. मूल बेडका देत नाही, नमुन्यात जंतू विरळ असतात. घरात टीबीचा पेशंट, वजन वाढत नाही, एक्स-रेत गाठी आणि मांटू 14 मिमी, असं सगळं जुळलं तर त्या 14 ला वजन असतं. जन्मतः दिलेल्या बीसीजीमुळे मांटू उठतो हे खरं, पण तो परिणाम वयाबरोबर ओसरत जातो. "बीसीजी दिलंय, सोडून द्या" असं म्हणून ठसठशीत मांटू बाजूला सारू नये.

उलट चूक जास्त घातक आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कुपोषित मूल, नुकताच गोवर झालेलं मूल, स्टिरॉइडवर असलेलं मूल, मेंदूपर्यंत टीबी पोचलेलं मूल, यांच्यात मांटू 0 येऊ शकतो. शरीरात प्रतिसाद द्यायची ताकदच उरलेली नसते. त्या शून्यावर विसंबून औषध लांबवलं तर मूल हातचं जातं. प्रशिक्षणात हा तास नसेल तर बाकीचं शिकवून उपयोग नाही.

लॅब_टेक्निशियन
सगळा दोष आमच्यावर ढकलू नका. डॉक्टरांची चिठ्ठी येते, तिच्यावर फक्त "मांटू". बाजारात वेगवेगळ्या ताकदीचं ट्युबरक्युलिन मिळतं, 5 टीयू, 10 टीयू (ट्युबरक्युलिन युनिट). कुठलं टोचायचं कुणी लिहीत नाही, आणि रिपोर्टवर कुठलं टोचलं तेही बऱ्याच ठिकाणी लिहीत नाहीत. ताकद जास्त आणि निकष तोच 10 मिमी, मग उगाच पॉझिटिव्ह वाढणारच. कुपी कधी उघडली, फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत राहिली का, उजेड लागला का, हे विचारणारा पेशंट सोडा, डॉक्टरही भेटत नाही.

आणि फोटो! तिसऱ्या दिवशी पेशंट येत नाही, व्हॉट्सअॅपवर हाताचा फोटो पाठवतो आणि डॉक्टर त्यावर निकाल देतात. फोटोत लाली दिसते, टणकपणा दिसत नाही. हे बंद करा, मग आम्हाला प्रमाणपत्र मागा.

आरोग्यसेविका_बीड
मी उपकेंद्रावर काम करते. शिक्षिकाताईंचं म्हणणं कॉलेजात बरोबर असेल, इथे त्याने नुकसान होईल. पेशंटच्या घरातल्यांना टीबी होऊ नये म्हणून आम्ही प्रतिबंधक गोळ्या देतो. 2021 च्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे 5 वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असणाऱ्यांना, टीबी नाही एवढी खात्री करून, चाचणीशिवायच गोळ्या देता येतात. त्याहून मोठ्यांना चाचणी करावी, पण चाचणीची सोय नाही म्हणून गोळ्या अडवू नयेत. उद्या प्रमाणपत्राशिवाय टोचायचं नाही असा नियम आला, तर आधी चाचणी अडेल, मग "रिपोर्ट आणा" म्हणून गोळ्या अडतील. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब मला एप्रिलपर्यंत दिसत नाही. त्यांना आज गोळ्या द्यायच्या की प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव कधी येतं याची वाट बघायची?

नर्स_न्यू_जर्सी
इकडे नोकरीला लागताना दोन टप्प्यांची त्वचाचाचणी असते. पहिली निगेटिव्ह आली तर एक ते तीन आठवड्यांनी दुसरी, कारण जुना संसर्ग पहिल्या वेळी झोपलेला राहतो आणि दुसऱ्या वेळी दिसतो. ते माहीत नसेल तर पुढच्या वर्षी कुणाला वाटेल की वॉर्डातून नवा संसर्ग लागला. 2019 पासून सरसकट दरवर्षीची चाचणी बंद झाली, आता सुरुवातीला एकदा आणि संपर्क आल्यावर. बऱ्याच ठिकाणी इग्रा ही रक्तचाचणी आली आहे, एकाच भेटीत काम. मग मोजमाप शिकवत बसण्यापेक्षा भारताने इग्राकडेच जावं असं मला वाटतं.

परिचर्या_शिक्षिका
इग्राचं रक्त ठरावीक तासांत लॅबला पोचावं लागतं, आणि तिचा खर्च त्वचाचाचणीपेक्षा बराच जास्त आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ठीक. सेविकाताईंच्या उपकेंद्रावरून कशी पाठवणार?

औषधशास्त्र_पुणे
इथे सायटीबी या नव्या त्वचाचाचणीचा विषय निघायला हवा. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट ही चाचणी बनवते. त्यात ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रथिनं असतात, जी बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लसीचा गोंधळ टळतो. अशा नव्या त्वचाचाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मान्यता दिली. पण टोचायचं कातडीतच, वाचायचं 48 ते 72 तासांतच आणि मोजायचा टणकपणाच. निकष 5 मिमी. जिथे रेषा 5 वर आहे तिथे 2 मिमीची चूक माणसाला सहज इकडून तिकडे नेते. चाचणी सुधारली म्हणून बोटांचं शिक्षण संपत नाही.

छातीविकार_एमडी
सायटीबीचा मुद्दा मान्य, संपर्कातल्या लोकांसाठी मोजणं शिकवाच. मोठ्या माणसाच्या निदानासाठी मात्र मांटू नको, यावर मी कायम आहे. रिपोर्टच्या कागदावरच "ही चाचणी संसर्ग दाखवते, आजार नाही" असं छापलं पाहिजे.

परिचर्या_शिक्षिका
सेविकाताईंच्या आक्षेपानंतर प्रमाणपत्राची अट मी मागे घेते. नियमाने काम अडणार असेल तर तो नको. सराव मात्र हवाच, आणि तो उपकेंद्रावर येऊन द्यायला हवा. सुरुवात नोंदवहीपासून करता येईल. तिच्यात 10, 15, 20 असेच गोल आकडे दिसले तर अंदाजाने लिहिलंय हे लगेच कळतं. खरं मोजलं की 8, 11, 13 पण येतात.

आरोग्यसेविका_बीड
असं असेल तर या, मी गावातल्या आशाताईंनाही बोलावते. आणि वेळापत्रकात एवढं घाला: आमचा बाजार बुधवारी असतो. सोमवारी टोचलं तर माणसं बुधवारी आपणहून गावात येतात. बाजार गाठून बारा वाजता परत निघतात, तेव्हा सोमवारी सकाळी लवकर टोचलेलं असलं पाहिजे, नाहीतर 48 तास भरत नाहीत.