‘टु बिल्ड अ फायर’: माणूस मेला आणि कुत्रा वाचला, तो केवळ उपजत बुद्धीमुळे का?

वाचनवेडा:
जॅक लंडन यांची ‘टु बिल्ड अ फायर’ ही कथा नुकतीच पुन्हा वाचली. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे शेवट उघड होणार आहे.) कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉनमध्ये पहिलाच हिवाळा काढणारा एक माणूस हेंडरसन नावाच्या गोठलेल्या ओढ्यावरून आपल्या सोबत्यांच्या तळाकडे निघतो. बरोबर एक हस्की कुत्रा आहे आणि थंडी उणे 75 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे 59 अंश सेल्सिअस आहे. वाटेत बर्फाचा पापुद्रा फुटून त्याचे पाय भिजतात, स्प्रूसच्या झाडाखाली पेटवलेली शेकोटी वरच्या फांद्यांवरचे बर्फ कोसळून विझते आणि अखेर तो गोठून मरतो; कुत्र्याला मात्र काही होत नाही.

या कथेबद्दल जे काही लिहिलेले वाचले, त्यात बहुतेक ठिकाणी एकच निष्कर्ष आढळला: माणसाची बुद्धी हरली आणि प्राण्याची उपजत समज जिंकली. मला हे पुरेसे वाटत नाही. असल्या दिवशी बाहेर पडू नये हे कुत्र्याला कळत होते असे लेखक स्वच्छ सांगतो, तरीही तो मुकाट्याने मागे चालत राहिला, मग त्या समजेचा उपयोग काय झाला? लंडन यांना खरोखर एवढेच सांगायचे होते का?

आडवाट:
आपण वाचलेली कथा 1908 सालची आहे. त्याआधी 1902 साली लंडन यांनी याच नावाची एक कथा ‘यूथ्स कम्पॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली होती. तिच्या नायकाला टॉम व्हिन्सेंट असे नाव आहे, त्याचेही पाय भिजतात, पण शेवटी त्याला शेकोटी पेटवता येते, तो हातापायांना इजा होऊनही वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा घेतो. त्या कथेत कुत्रा नाही.

सहा वर्षांनी लेखकाने माणसाचे नाव काढून घेतले, त्याचा जीवही घेतला आणि त्याच्या मागे एक कुत्रा सोडला. माझ्या मते कुत्रा येथे साक्षीदार म्हणून येतो. मुलांच्या कथेत धडा सांगायला वाचलेला माणूस होता. मोठ्यांच्या कथेत धडा शिकायला कोणी उरतच नाही आणि जो उरतो त्याला त्या मृत्यूचे सोयरसुतक नाही. त्याचेही कारण लंडन यांनी आधीच देऊन ठेवले आहे: या दोघांत जिव्हाळा नव्हता, एक राबणारा आणि दुसरा चाबूक चालवणारा एवढाच संबंध होता.

ऋतुरंग:
मी कॅनडात आल्बर्टा प्रांतात राहतो. येथे उणे 40 चे दिवस अधूनमधून येतात (या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात), म्हणून शारीरिक बाजूबद्दल थोडे लिहितो. अशा थंडीत किल्ली शोधण्यासाठी हातमोजा काढला तरी बोटे बघता बघता आपली राहत नाहीत. कथेत माणूस संशयित बर्फावर आधी कुत्र्याला ढकलतो, कुत्र्याचे पाय बुडून त्यांवर लगेच बर्फ चढते, आणि कुत्रा बसकण मारून बोटांच्या बेचक्यांतले बर्फ दातांनी उपटू लागतो. त्याला मदत करायला माणूस हातमोजा काढतो, तर मिनिटाच्या आत त्याची बोटे बधिर होतात. सगळी कथा या एका प्रसंगात आधीच सांगून झाली आहे असे मला वाटते.

कुत्र्याला फायदा कोठे मिळतो ते पाहा. त्याच्या अंगावर आत दाट लोकर आणि वर राठ केस असा दुहेरी थर असतो, शिवाय तो माणसासारखा अंगभर घामेजत नाही, त्यामुळे त्याची लोकर आतून ओली होत नाही. पंजात येणारे गरम रक्त परत जाणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते, म्हणून उघडे पाय बर्फावर टिकतात. ओल्या मोज्यातल्या माणसाच्या पायाचे गणित नेमके उलटे असते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेते. यात शहाणपणाचा भाग थोडा आणि शरीररचनेचा अधिक आहे.

खडूपाटी:
शरीररचनेचा मुद्दा मान्य आहे, परंतु तेवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही, कारण लंडन यांनीच दुसरीकडे याच्या उलट चित्र रंगवले आहे. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (1903) या त्यांच्या कादंबरीतला पेरो आठवून पाहा. सोबती फ्रान्स्वाबरोबर सरकारी टपाल घेऊन डॉसन गावाकडे निघालेला हा माणूस उणे 50 अंश फॅरनहाइटच्या थंडीत बर्फ फुटून पुन्हा पुन्हा पाण्यात पडतो. हातात आडवी धरलेली लांब काठी भोकाच्या दोन्ही काठांवर अडकते, तो वर येतो, शेकोटी पेटवतो, कपडे वाळवतो आणि पुढे चालू लागतो. ‘टु बिल्ड अ फायर’मधल्या नवख्याला सल्फर ओढ्यावरच्या जुन्या जाणत्याने हेच बजावले होते की उणे 50 च्या खाली कोणी एकट्याने निघू नये, आणि तो त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात हसला होता.

त्याच प्रवासात एकदा बर्फगाडीसकट बक (कादंबरीचा नायक) आणि डेव्ह हे कुत्रे पाण्यात जातात. बाहेर काढले तेव्हा ते अर्धे गोठलेले होते आणि अंगावर बर्फाचे कवच चढले होते. दोघा माणसांनी त्यांना शेकोटीभोवती पळवत ठेवले, म्हणून ते जगले. तेथे कुत्र्यांची उपजत समज कामी आली नाही, कामी आली ती माणसाची शेकोटी. पुढे बकचे पाय सोलवटले तेव्हा फ्रान्स्वाने स्वतःच्या मोकॅसिनचे वरचे चामडे कापून त्याला चार जोडे शिवून दिले. आणि ‘टु बिल्ड अ फायर’चा शेवट नीट वाचला तर तेथील कुत्रासुद्धा रानात जात नाही, जेथे दुसरी माणसे अन्न आणि आग देतील त्या तळाचीच वाट तो धरतो. तेव्हा जिंकले कोण, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. लंडन यांच्या उत्तरेत एकटा राहतो तो मरतो, मग त्याला पाय दोन असोत की चार.

वाचनवेडा:
पेरोची आठवण दिल्याबद्दल आभार, माझ्या शंकेचे बरेचसे उत्तर त्यात मिळाले. पण मग त्याच कादंबरीत पुढे बकला गाडीला जुंपणारे हाल, चार्ल्स आणि मर्सिडीज यांचे काय? ती तर तीन माणसे होती आणि त्यांच्याजवळ कुत्र्यांचाही तुटवडा नव्हता.

खडूपाटी:
चौदा कुत्रे होते, आणि तीच त्यांची अडचण होती. एका गाडीवर चौदा कुत्र्यांचे खाणे मावत नाही, म्हणून त्या भागात एका गाडीला चौदा कुत्रे कोणी जुंपत नसे. यांनी मात्र एका कुत्र्याला इतके, इतके कुत्रे, इतके दिवस असा कागदावर पेन्सिलीने हिशेब मांडला आणि तो बरोबर आला म्हणून निघाले. त्यात हालने आधी रोजचा शिधा दुप्पट केला, मर्सिडीज पोत्यांतले मासे चोरून घालत राहिली, आणि पाव वाट सरली तेव्हा अर्धे खाणे संपले होते. दयाळूपणानेही कुत्रे उपाशी मरतात, हे लंडन यांनी फार थंडपणे दाखवले आहे. व्हाइट नदीच्या मुखाशी जॉन थॉर्नटनच्या तळावर ते पोहोचले तेव्हा पाचच कुत्रे उरले होते. मार खाऊनही बक उठला नाही म्हणून वाचला, बाकी सगळे पुढे जाऊन बर्फाखाली गेले.

खरा हिशेब कसा असतो ते पाहायचे असेल तर कादंबरी बाजूला ठेवून रोआल्ड अमुंडसेन यांची दक्षिण ध्रुवाची मोहीम पाहावी. 1911 च्या ऑक्टोबरमध्ये पाच माणसे आणि 52 कुत्रे निघाले, परत आले ते 11 कुत्रे. वाटेत कुत्रे मारून त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांना आणि माणसांनाही खायला घालायचे, हे आधीच ठरलेले होते. वाचताना अंगावर काटा येतो, परंतु पाचही माणसे ध्रुव गाठून जिवंत परतली. कथेतल्या माणसालाही कुत्रा मारून त्याच्या उबदार धडात हात घालण्याची कल्पना सुचते, पण ती सुचेपर्यंत त्याच्या बोटांना सुरी धरता येत नव्हती.

आपण अजून वाचले नसेल तर लंडन यांच्याच ‘व्हाइट फँग’ या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे जरूर वाचा. बिल नावाचा माणूस सहा कुत्र्यांसाठी सहा मासे काढतो, प्रत्येकाला एकेक देतो, आणि तरी एक मासा कमी पडतो. पुढचे येथे सांगत नाही.